‘सापडले नाही’ आणि ‘नाहीच’ : एकोणीस एकांची मूळ संख्या



खाली एक संख्या दिली आहे. तिच्यात १ हा एकच अंक आहे आणि तो एकोणीस वेळा आला आहे.

११,११,११,११,११,११,११,११,१११

ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः, एवढे सोडले तर तिला दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. सतरा एक लिहिले तर ती मूळ नसते, अठरा लिहिले तरी नसते, वीस, एकवीस, बावीस यांनीही जमत नाही. तेवीस एक लिहिले की पुन्हा जमते. दोन एकांपासून हजार एकांपर्यंत सगळ्या रांगा तपासल्या तर फक्त चार मूळ निघतात : २, १९, २३ आणि ३१७ एकांच्या. इंग्रजीत अशा रांगेला ‘रेपयुनिट’ म्हणतात. या लेखात मी त्यांना नुसते ‘रांग’ म्हणणार आहे. रांग-५ म्हणजे ११,१११ आणि रांग-१९ म्हणजे वरची संख्या.

मी दहावीत आहे आणि आमचे गणित इंग्रजीतून चालते. दिल्लीजवळच्या या वसतिगृहात मराठी बोलणारे आम्ही थोडेच. मूळ, संयुक्त, विभाजक, बाकी, घात हे शब्द मला आजोबांकडून मिळाले. लेख समजायला आठवीपर्यंतचा भागाकार आणि घात एवढे पुरे. पालकांनीही कागद-पेन्सिल घेऊन वाचावा, कारण अर्धी मजा करून पाहण्यात आहे.

देवळालीचे गुरुजी

तोफखान्यामुळे देवळाली आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. काहींचे वडील तिथे शिकले, काहींचे तिथे पोस्टिंगवर होते. त्याच देवळालीत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांचा जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. शिक्षण ठाण्यात आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे ते विद्यापीठात गेले नाहीत, आयुष्यभर शाळेत शिकवत राहिले आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत राहिले. बरीच पुस्तके त्यांनी स्वतःच छापली. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. ६१७४ ही ‘कापरेकर स्थिरांक’ संख्या त्यांचीच. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. हेच करत राहिले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

एकांच्या रांगांवरही गुरुजींचे प्रेम होते. त्यांचे वर्ग करून पाहा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२,३२१
११११ × ११११ = १२,३४,३२१

नऊ एकांच्या रांगेचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. जिना चढावा आणि उतरावा तसा. दहाव्या रांगेपासून हातचे येऊ लागतात आणि जिना मोडतो. या संख्यांना गुरुजींनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो हे एका रेल्वे स्टेशनचे नाव. मुंबईहून कल्याणकडे जाताना लागणारे आजचे डोंबिवली ते हेच. तिथे ही कल्पना सुचली म्हणून त्यांनी स्टेशनचेच नाव संख्यांना दिले.

गुरुजींनी रांगेला रांगेने गुणले. आपण उलट जाऊ आणि रांग फोडून पाहू.

गट पडले की रांग फुटली

ड्रिलला उभे राहताना सहा जण दोनाच्या किंवा तिनाच्या गटांत सारखे बसतात. संख्यांचेही तसेच आहे. रांग-६ चे तीन-तीनचे गट करा : १११ १११. म्हणजे ती १११ × १००१ झाली. दोन-दोनचे गट केले तर ११ × १०१०१ झाली. एकांची संख्या सारख्या गटांत विभागता आली की रांग फुटलीच. म्हणून १८, २०, २१, २२ एकांच्या रांगा तपासण्याचीही गरज नाही. रांग मूळ असायची तर एकांची संख्या स्वतः मूळ हवी.

पण एवढ्याने काम भागत नाही. ३, ५, ७, ११, १३, १७ या सगळ्या मूळ संख्या आहेत, तरी त्यांच्या रांगा फुटतात :

रांग-३ = ३ × ३७
रांग-५ = ४१ × २७१
रांग-७ = २३९ × ४६४९
रांग-११ = २१,६४९ × ५,१३,२३९
रांग-१३ = ५३ × ७९ × २६,५३,७१,६५३
रांग-१७ = २०,७१,७२३ × ५,३६,३२,२२,३५७

शेवटची ओळ पाहा. रांग-१७ चा सर्वांत लहान विभाजक वीस लाखांच्या पुढे आहे. त्याच्या आधी दीड लाखांहून अधिक मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी भागून पाहिले आणि थकून थांबलो, तर रांग-१७ मूळ आहे असेच वाटेल. ‘इतके शोधले, सापडले नाही, म्हणजे नसेलच’ हा विचार इथे फसतो.

बाकीचे चक्र

आंधळेपणाने भागत बसण्यापेक्षा चांगला रस्ता आहे. १० चे घात एकामागून एक ४१ ने भागा आणि फक्त बाकी लिहा. १० ची बाकी १०. १०० ची बाकी १८. पुढची बाकी काढायला आधीच्या बाकीला १० ने गुणून पुन्हा ४१ ने भागायचे. अशा बाक्या येतात :

१०, १८, १६, ३७, १

पाचव्या पायरीला १ आला. सहाव्याला पुन्हा १०, मग १८, आणि चक्र तसेच फिरत राहते. पाचव्या पायरीला बाकी १ येते याचा अर्थ १,००,००० मधून १ काढला, म्हणजे ९९,९९९ उरले, की त्याला ४१ ने भाग जातो. ९९,९९९ म्हणजे नऊ गुणिले रांग-५. ४१ काही ९ ला भागत नाही, म्हणून तो रांग-५ ला भागतो.

हे उलटेही चालते. समजा न ही ३ पेक्षा मोठी मूळ संख्या आहे आणि व हा रांग-न चा मूळ विभाजक आहे. मग न व्या पायरीला बाकी १ येते. चक्राची लांबी न ला भागली पाहिजे आणि न मूळ आहे, म्हणून ती न किंवा १ एवढीच असू शकते. लांबी १ असेल तर व हा ९ चा विभाजक, म्हणजे ३ ठरेल. पण न जर ३ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल तर रांगेच्या अंकांची बेरीज ३ च्या पटीत नसते, म्हणून ३ ने भाग जात नाही. तेव्हा चक्र बरोबर न पायऱ्यांचे असते.

आता फर्माचे १६४० चे प्रमेय वापरू. व मूळ असेल आणि १० ला भागत नसेल, तर (व − १) व्या पायरीला बाकी १ येतेच. मैदानाची एक फेरी न पावलांची आहे आणि व − १ पावले चालून आपण पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर उभे आहोत असे समजा. याचा अर्थ पूर्ण फेऱ्याच झाल्या. म्हणून व − १ ला न ने भाग जातो. शिवाय व विषम, म्हणून व − १ सम आहे. नियम असा निघाला :

रांग-न चा प्रत्येक विभाजक ‘२न च्या पाढ्यातली संख्या अधिक १’ असाच असतो.

वरची यादी तपासून पाहा. रांग-५ साठी पाढा १० चा : ४१ = ४० + १, २७१ = २७० + १. रांग-७ साठी १४ चा : २३९ = १४ × १७ + १. रांग-१३ साठी २६ चा. पहिला उमेदवार २७, तो मूळ नाही. दुसरा ५३, आणि भाग जातो! तेरा एकांची संख्या कोणीही दोन मिनिटांत फोडू शकतो. रांग-१७ साठी पाढा ३४ चा आणि २०,७१,७२३ = ३४ × ६०,९३३ + १. कष्ट आहेत, पण पुष्कळ कमी झाले.

हीच गोष्ट आवर्ती दशांशातही दिसते. १ ला ४१ ने भागले की ०.०२४३९०२४३९… असे पाच अंक फिरत राहतात. २३९ ने भागले की ०.००४१८४१००४१८४१… असे सात. चक्राची लांबी तीच.

एकोणिसाची पाळी

रांग-१९ साठी पाढा ३८ चा आहे. ती संयुक्त असेल तर तिचा एक तरी विभाजक तिच्या वर्गमूळाच्या आत सापडला पाहिजे. वर्गमूळ साधारण १०५ कोटी ४१ लाख. इथपर्यंत ‘३८ चा पाढा अधिक १’ असे सुमारे २ कोटी ७७ लाख उमेदवार आहेत. न झोपता दर मिनिटाला एक भागाकार केला तर साधारण ५३ वर्षे लागतील.

आणखी चाळणी लावता येते. न विषम असतो, म्हणून न + १ सम असतो. १० चा (न + १) वा घात व ने भागला की बाकी १० येते आणि सम घात म्हणजे कशाचा तरी वर्ग. असे ज्या मूळ संख्यांसाठी घडते त्यांना ४० ने भागले तर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ यांपैकीच येते. हा वर्गबाकीचा नियम गाउसने सिद्ध केलेल्या प्रमेयातून मिळतो. ही चाळणी लावली आणि ३ च्या पटीतले उमेदवारही काढून टाकले, तर सुमारे ७४ लाख उरतात. म्हणजे साधारण १४ वर्षे. कॉम्प्युटरला हे काम फार वेळाचे नाही. पण रांग-३१७ घेतली तर तिचे वर्गमूळच दीडशेहून जास्त अंकांचे आहे. तिथे एकेक उमेदवार तपासत जाणे जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांनाही शक्य नाही.

मग ‘विभाजक नाहीच’ असे म्हणायचे तरी कोणत्या जोरावर?

उस्तादांचा प्रश्न

इथे गणित सोडून एक प्रसंग सांगतो. डिसेंबर महिना होता आणि इकडचा कोहरा असा की दहा पावलांवरचा खांब दिसत नव्हता. रात्रीच्या गिनतीत सहावीतला एक मुलगा कमी भरला. टॉर्च घेऊन चार-चार जणांच्या टोळ्या निघाल्या. थोड्या वेळाने एक टोळी परत आली आणि तिने रिपोर्ट दिला, “धोबीघाट के पीछे कोई नहीं है, उस्ताद.”

उस्तादांनी विचारले, “देखा नहीं, या है नहीं?”

कोणी बोलेना.

“कहाँ तक देखा?”

“गेट तक, उस्ताद.”

ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हा सगळ्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत हातभर अंतरावर उभे केले आणि तशीच ओळ धोबीघाटाच्या मागे नेली. मुलगा पाण्याच्या टाकीमागे गुडघ्यांत डोके घालून बसला होता. घरची आठवण आली म्हणून गेला होता आणि अंगात ताप होता. त्याला उचलून एम. आय. रूममध्ये नेले. आज तो सातवीत आहे आणि आमच्या हाउसच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो. गेटपर्यंतचा रिपोर्ट तसाच घेतला असता तर तो त्या थंडीत आणखी किती वेळ बसून राहिला असता, कोण जाणे.

‘देखा नहीं’ आणि ‘है नहीं’ या दोन वाक्यांतला फरक मला त्या रात्री कळला. मूळ संख्यांचे गणित याच फरकावर उभे आहे, हे नंतर वाचताना लक्षात आले.

एकही विभाजक न शोधता खात्री

सगळी जमीन पायाखाली घालणे शक्य नसेल, तर ‘तिथे कोणी मावणारच नाही’ हे दाखवावे लागते. रांगांच्या बाबतीत त्यासाठी एक सोपी गोष्ट हाताशी आहे. रांग-१९ मधून १ वजा करा. शेवटी शून्य येते आणि आधी अठरा एक राहतात. म्हणजे ती १० गुणिले रांग-१८ झाली. आणि अठराच्या रांगेचे गट पडतात! नऊ-नऊचे गट केले तर ती रांग-९ × १,००,००,००,००१ होते. हे दोन्ही पुढे फोडले की :

रांग-१९ वजा १ = २ × ३ × ३ × ५ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२,५७९ × ३,३३,६६७

यातले शेवटचे दोन मोठे मूळ विभाजक आपल्या कामाचे आहेत. १९१४ मध्ये पॉकलिंग्टन यांनी जी पद्धत दिली ती आधी लहान संख्येवर, म्हणजे रांग-२ वर, करून पाहू. रांग-२ म्हणजे ११. ११ − १ = १० = २ × ५. यातला ५ हा मोठा विभाजक घ्या.

पहिली पायरी : २ चा १० वा घात १०२४. त्याला ११ ने भागले की बाकी १.

दुसरी पायरी : १० ला ५ ने भागून २ आले. २ चा २ रा घात ४, त्यातून १ वजा केला की ३. आता ३ आणि ११ यांना सामाईक विभाजक नाही.

आता ११ चा कोणताही मूळ विभाजक व घ्या. २ च्या घातांची व ने भागल्यावर येणारी बाकी चक्राने फिरते. पहिल्या पायरीवरून चक्राची लांबी १० ला भागते. दुसऱ्या पायरीवरून ती २ ला भागत नाही. म्हणून त्या लांबीत ५ असलाच पाहिजे. फेरी निदान पाच पावलांची आणि ती व − १ मध्ये पूर्ण बसते, म्हणून व निदान ६ असला पाहिजे. पण ११ संयुक्त असती तर तिचा एक विभाजक ३ किंवा त्याहून लहान असता. तसा असूच शकत नाही. म्हणून ११ मूळ आहे. या सगळ्यात आपण ११ ला कोणत्याही लहान संख्येने भागून पाहिले नाही.

रांग-१९ साठी हेच करायचे. फक्त ५ च्या जागी ३,३३,६६७ आणि ५२,५७९ घ्यायचे आणि दोघांसाठी दुसरी पायरी वेगवेगळी तपासायची. घात प्रचंड मोठा आहे, पण पुन्हा पुन्हा वर्ग करून दर वेळी बाकी ठेवत गेले तर साठेक वर्गांत काम होते. पायथॉनमधले ‘पॉव’ हे फंक्शन ते क्षणात करते. दोन्ही पायऱ्या पार करणारी संख्या मिळाली की रांग-१९ च्या कोणत्याही मूळ विभाजकाच्या चक्रात ३,३३,६६७ आणि ५२,५७९ दोन्ही असायला हवेत. त्यांचा गुणाकार १७,५४,३८,७७,१९३. म्हणजे प्रत्येक मूळ विभाजक १७५४ कोटींपेक्षा मोठा असला पाहिजे. आणि संख्या संयुक्त असती तर एक विभाजक १०५ कोटी ४१ लाखांच्या आत असायलाच हवा होता. १०५ कोटींच्या जागेत १७५४ कोटींचा कोणी मावत नाही. म्हणून विभाजक ‘सापडला नाही’ असे नाही, तो नाहीच.

रांग-१९ मूळ असल्याची सिद्धता पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत ऑस्कर हॉपे यांनी दिली. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते.

रांग-१९ मूळ असल्यामुळे एक सुंदर गोष्ट मिळते. १ ला तिने भागले तर दशांशचिन्हानंतर अठरा शून्ये आणि एक ९ असे एकोणीस अंक फिरत राहतात. ज्या मूळ संख्येचे चक्र एकोणिसाचे आहे ती रांग-१९ ला भागलीच पाहिजे. म्हणून एकोणीस अंकी चक्र असलेली मूळ संख्या जगात एकच : ती स्वतः. दोन अंकी चक्र असलेली फक्त ११, तीन अंकी चक्र असलेली फक्त ३७ आणि चार अंकी चक्र असलेली फक्त १०१ आहे.

तेवीस वर्षे ‘संभाव्य’

रांग-३१७ मूळ असल्याची सिद्धता ह्यू विल्यम्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतरची रांग-१०३१. तिची सिद्धता विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. देवळालीचे कापरेकर गुरुजी वारले तेही १९८६ मध्येच.

मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट पुढची आहे. १९९९ मध्ये डब्नर यांना रांग-४९०८१ मिळाली. ती घातांच्या चाचण्यांतून पार झाली. मूळ नसलेली संख्या अशा चाचण्यांतून निसटण्याची शक्यता फारच कमी असते. तरी कोणी तिला मूळ म्हटले नाही. तिच्यापुढे ‘संभाव्य मूळ संख्या’ असेच लिहिले जात राहिले. पूर्ण सिद्धता २०२२ मध्ये पॉल अंडरवुड यांनी दिली आणि मगच ‘संभाव्य’ हा शब्द काढला गेला. तेवीस वर्षे सगळ्यांना जवळजवळ खात्री होती आणि तेवीस वर्षे कोणी रिपोर्ट वाढवून लिहिला नाही. २०२१ मध्ये सापडलेली ८१,७७,२०७ एकांची रांग अजून ‘संभाव्य’ याच नावाखाली आहे. अशा मूळ रांगा अनंत आहेत का, हेही आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

संख्या मूळ आहे की नाही हे संभाव्यतेशिवाय, पक्के आणि मोजक्या वेळात सांगणारी रीत आपल्याच देशात सापडली. २००२ मध्ये आय. आय. टी. कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ती दिली. तिच्या तीन आडनावांवरून तिला ए. के. एस. चाचणी म्हणतात. हे दोघे विद्यार्थी तेव्हा नुकतेच बी. टेक. झाले होते.

वसतिगृहात मला नेहमी विचारतात, एन. डी. ए. च्या पेपरात हे येते का? नाही येत. पण पुढे आमच्यातल्या कोणाला ‘रस्ता सुरक्षित आहे’ असा रिपोर्ट द्यावा लागेल आणि त्यावर विसंबून दुसरे लोक पाऊल टाकतील. त्या वेळी आपण कुठपर्यंत पाहिले आणि कशाच्या आधारावर बोलतो आहोत, हे वेगवेगळे सांगता आले पाहिजे. कागदावर ही सवय लावायला एकांच्या रांगा चांगल्या आहेत. चुकले तर खोडता येते.

करून पाहा

१. रांग-१५ चे चार मूळ विभाजक भागाकार न करता सांगा. (गट पाडा.)

२. दोन किंवा अधिक एकांची कोणतीही रांग पूर्ण वर्ग नसते हे दाखवा. (४ ने भागून बाकी पाहा.)

३. रांग-७ चे दोन्ही विभाजक ४० च्या चाळणीतून जातात का ते तपासा.

४. रांग-३१ साठी ६२ चा पाढा अधिक १ असे उमेदवार घ्या. पहिल्या पन्नासांत विभाजक आहे. तो शोधा.

५. रांग-२९ साठी ५८ चा पाढा घ्या. पहिल्या साठांत विभाजक आहे. ४० ची चाळणी लावली तर एका रविवारी होईल.

उत्तरे मराठी पानाच्या पेटीत टाका. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नासाठी कागदावर दोन रकाने आखा. एकात लिहा, ‘इथपर्यंत पाहिले, सापडला नाही’. दुसऱ्यात लिहा, ‘इथे नाहीच, कारण…’. पहिल्या रकान्यातले उत्तरही बरोबर धरले जाईल, फक्त ते दुसऱ्या रकान्यात लिहू नका.